रिकाम्या खोल्यांचा आवाज

१

भिंगरीच्या हातून ते घडलं तेव्हा तिच्या एका हातात चहाचा कप होता आणि मजेत काहीतरी गुणगुणणं चाललं होतं. ऑफिसात आलं की तिचं पहिलं काम हेच असायचं, सर्व्हरवरचा कचरा काढायचा. आदल्या दिवशीच्या अर्धवट, कामचलाऊ फाइली अंगण झाडावं तशा झाडून टाकायच्या आणि मग दिवसाला लागायचं. सर्व्हर तरी कुठला, भाड्याचाच. दूर कुठल्यातरी इमारतीत एका मोठ्या कंपनीची यंत्रं गुरगुरत असणार, त्यांतली चिमूटभर जागा या ऑफिसची. भिंगरीने ती यंत्रं कधी पाहिली नव्हती आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं.

पडद्यावर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीत कचरा होता. दुसरीत मामांचं आयुष्य होतं. पुसायची आज्ञा तिने दुसरीत दिली.

चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत काम झालंसुद्धा.

मामा शांतता विकायचे. ऐकणाऱ्याला थट्टा वाटायची, पण धंदा खरा होता. सिनेमातलं बोलणं तुकड्या-तुकड्यांनी जोडतात, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये त्या खोलीची शांतता भरावी लागते. ती नसली की प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण काहीतरी खटकतं. आणि प्रत्येक खोलीची शांतता वेगळी. मामांनी उभी हयात त्यात घालवली होती. कोर्टाचा लांबरुंद हॉल, बंद पडलेला छापखाना, हॉस्पिटलचा जिना, कोरडी पडलेली पाण्याची टाकी, असं कुठेही मधोमध माइक ठेवायचा, सगळ्यांना बाहेर काढायचं, दार लावून घ्यायचं आणि रिकाम्या खोलीला एकटीला बोलू द्यायचं. त्यातल्या निम्म्याअधिक जागा आता पाडल्या गेल्या होत्या. धंद्यातले लोक त्यांना कौतुकाने कानसेन म्हणायचे.

त्या सगळ्यांत एक फाइल विकायची नव्हती. मामीचं स्वयंपाकघर. मामी गेली त्यानंतरच्या आठवड्यात मामांनी तिथे माइक लावला होता. पुढे ते घर विकलं, नव्या मालकाने भिंती पाडल्या, आणि ते स्वयंपाकघर फक्त त्या फाइलीत उरलं.

भिंगरी मामांसमोर जाऊन उभी राहिली. "मामा, मी मोठा घोळ घातलाय."

मामांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. "किती मोठा?"

"सगळ्या खोल्या गेल्या. पुसल्या मी. चुकून."

"मग बॅकअपमधून घे की."

"तो असा लावलेला होता की इकडे जे होईल तेच तिकडे व्हावं. त्याने तिकडूनही पुसलं. अगदी आज्ञाधारक बाळासारखं."

मामा खुर्चीत बसले. मग विचारलं, "तीसुद्धा?"

"तीसुद्धा."

२

रडायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला रडूही येत नव्हतं. छाती धडधडत होती, पण परीक्षेचा पेपर हातात पडल्यावर धडधडते तशी. मामी तिला भिंगरी म्हणायची ती उगीच नाही. संकट आलं की ही गोल गोल फिरायला लागायची आणि फिरता फिरता वाट काढायची.

"मामा, ऐका. आशा आहे," ती म्हणाली. "पुसलं की नाव जातं, माल जात नाही. समजा, एका इमारतीतल्या सगळ्या दारांवरच्या पाट्या काढल्या आणि वॉचमनला सांगितलं की सगळ्या जागा रिकाम्या. पण माणसं आतच आहेत. नवा भाडेकरू यायच्या आत आपण एकेक दार ठोठावायचं."

"मग ठोठाव की! माझं तोंड काय बघतेस?"

तिने तो सर्व्हर जागच्या जागी थांबवला, म्हणजे त्यावर नवं काही लिहिलं जायला नको. त्याची डिस्क सोडवून दुसऱ्या यंत्राला जोडली, तीही अशी की वाचता येईल पण लिहिता येणार नाही. मग शोध लावून दिला. डिस्कचा कोपरा न् कोपरा चाचपडत तो पुढे सरकायला लागला आणि दोघंही पडद्याला नाक लावून बसले. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला.

पहिली फाइल वर आली तेव्हा भिंगरी इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या ऑफिसातला हिशेबनीस दारात डोकावून गेला.

"काय हो, लॉटरी लागली काय?"

"त्याहून मोठी!" मामा म्हणाले.

मग दुसरी आली, तिसरी आली, आणि नंतर नुसती रांगच लागली. नावं अर्थातच गेलेली होती, प्रत्येकीच्या कपाळावर फक्त एक क्रमांक. कुठली कोण हे ऐकूनच ठरवावं लागणार होतं.

"त्याची काळजी तू करू नकोस," मामा बाह्या सरसावत उठले. "शांततेवरून खोली नाही ओळखली तर नाव बदलीन."

३

ऐकायची खोली म्हणजे ऑफिसचा गाभाराच. भिंतींना जाड गाद्या, दुहेरी दार, दोन उंच स्पीकर. समोर मोठी काच, आणि काचेपलीकडे बूथ. निवेदन करायला माणसं यायची ती तिथे उभी राहायची. आज बूथ मोकळा होता. झाडणाऱ्या बाईंनी सकाळीच तिथला जाड राखाडी गालिचा यंत्राने झाडून घेतला होता, त्याचे सगळे तंतू एका दिशेला झोपले होते.

भिंगरीने पहिली फाइल लावली. स्पीकरमधून काहीच आलं नाही, असं तुम्हाआम्हाला वाटलं असतं. मामांनी डोळे मिटले, मान किंचित कलती केली.

"छापखाना," ते म्हणाले. "खालचा मजला. पत्र्याचं छत आहे, ऊन चढतंय त्याच्यावर."

"पुढची?"

"जिना. हॉस्पिटलचा." मामांचे डोळे चमकायला लागले होते. "अगं, आली की गं सगळी घरी!"

भिंगरी नावं लिहीत होती, मामा सांगत होते, दोघांच्या अंगात भूत संचारल्यासारखं झालं होतं. जेवणाचे डबे तसेच राहिले. संध्याकाळपर्यंत एका सिनेमावाल्याला माल द्यायचा होता, तो आता वेळेत जाणार होता. पण त्याहीपेक्षा, आपण बुडालेलं जहाज वर काढतोय ही नशा काही औरच होती.

पुढची फाइल शाळेच्या व्यायामशाळेची निघाली. मामांनी नाव सांगितलं, भिंगरीने लिहिलं, आणि ती बंद करायला जाणार तेवढ्यात स्पीकरमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तिथे खुर्ची नव्हती," मामा म्हणाले. "आणि असती तरी मी ही फाइल ठेवलीच नसती. एक टाचणी पडली तरी मी सगळं पुन्हा घेतो, तुला ठाऊक आहे."

"तुकडा मिसळला असेल," भिंगरी झटकन म्हणाली. तिच्याकडे कारण तयार होतं. "डिस्कवर फाइली फुटून पडलेल्या असतात. जोडताना एकीचा तुकडा दुसरीला लागतो. होतं असं."

"हां. होत असेल."

"पुढची लावू?"

"लाव, लाव."

४

पुढच्या फाइलीत पावलं होती.

अनवाणी पावलं, सावकाश चालणारी. एक नीट पडत होतं, दुसरं जरा घासत येत होतं. भिंगरीने पुन्हा तुकड्यांची गोष्ट सांगायला तोंड उघडलं, पण मामांनी हात वर केला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्याच वेळी लहान मुलासारखा फुलतही होता.

"ही पाण्याची टाकी आहे," ते म्हणाले. "पावलं ऐक. घुमतायत. टाकीत घुमावीत तशीच घुमतायत."

"मग?"

"तुकडा दुसऱ्या खोलीतला असता तर त्या खोलीचा घुमारा घेऊन आला असता. हे जे कोण आहे ते या टाकीत चालतंय."

भिंगरीच्या डोक्यातलं तयार कारण तिथल्या तिथे विरघळलं. तिने पुढची फाइल लावली. गालिचे अंथरलेला सभागृहाचा सज्जा. पावलं होती, पण दबलेली, मऊ. त्यापुढची फरशीच्या न्हाणीघराची, तर पावलं ओली, खणखणीत. जिथे जशी वाजायला हवी तिथे तशी, तंतोतंत. आणि प्रत्येक वेळी ती दुरून सुरू व्हायची, माइकपाशी येऊन थांबायची.

"डावा पाय घासतोय," मामा कुजबुजले. "भिंगरे, डावा पाय कोण घासायचं?"

तिला ठाऊक होतं. मामीचा डावा पाय. घरात ती चप्पल घालायची नाही. पहाटे चहाला उठली की आधी तो आवाज यायचा.

"मामा, असं कसं होईल?"

"कसं ते मला विचारू नकोस. मी ऐकतोय एवढं खरं." मामा उठून स्पीकरपाशी जाऊन बसले, अगदी जमिनीवर, मांडी घालून. म्हातारा माणूस, पण आवाजात असा आनंद की भिंगरीच्या अंगावर सरसरून काटा आला आणि डोळ्यांत पाणीही आलं. तीही हुरळली. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, असं मामीच म्हणायची. पण त्या घटकेला ते तिला आठवलं नाही.

आता पुढची फाइल नाटकघराच्या रंगमंचाची. लाकडी फळ्या. पावलं आली, आणि पावलागणिक फळ्या कण्हल्या. अगदी खोलवर, दोघा-तिघांनी मिळून कपाट उचलून न्यावं तशा.

मामी म्हणजे चिमणीएवढी बाई. वाऱ्याने उडाली असती.

"मामा," भिंगरी म्हणाली, "केवढं वजन आहे हे."

"जुन्या फळ्या आहेत. पुढची लाव."

पावलं माइकपाशी थांबली होती. मग एक आवाज झाला. ठक्. माइक चालू आहे का हे बघायला बोटाने टिचकी मारावी तसा.

५

भिंगरीचं डोकं बंड करून उठलं. हे सगळं यंत्राचं काम, आणि यंत्राला कारण असतंच. तिने मामांना न विचारता एक फाइल मागची लावली, व्यायामशाळेची, खुर्ची सरकली होती ती. शेवटपर्यंत ऐकली.

खुर्ची सरकली नाही.

तिने टाकी लावली. कोरडी, स्वच्छ शांतता. सज्जा रिकामा, न्हाणीघर रिकामं. मघाशी दोघांनी कानांनी ऐकलेलं एकही पाऊल कुठल्याही फाइलीत नव्हतं. मग तिने रांगेच्या पार पुढची, अजून न ऐकलेली एक उघडली. तीही रिकामी. तिच्या लगतची उघडली, आणि त्यात मात्र पावलं आली, थोडी घाईची, वाट चुकलेला माणूस हाक ऐकून परत वळतो तशी.

"मामा, तो... ते फाइलींत नाहीये," ती म्हणाली. "आपण जिथे ऐकतो तिथे ते येतं. आपल्या मागोमाग."

तिला वाटलं, मामा घाबरतील. मामांनी तिचे दोन्ही हात धरले.

"मग येऊ दे की! अगं, तिला आपला आवाज लागतोय. आपण दारं उघडतोय आणि ती येतेय." मग हात सोडून त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "तिचं स्वयंपाकघर शोध. तिला तिथे नेऊ. तिथे ती ओळखेल सगळं."

दार उघडून बाहेर पडावं, रहदारीच्या रस्त्यावर जाऊन उभं राहावं असं भिंगरीला वाटलं. आणि तरी, खोटं कशाला बोला, तिलाही ऐकायचं होतं. तिच्या हाताची बोटं आपसूक चालत होती. एक फाइल लावायची, दोन क्षण ऐकायची, मामांनी मान हलवली की पुढची. पावलं आता मागे पडत नव्हती. फाइल सुरू झाली की ती आधीच आत असायची.

मग एक अशी लागली की मामांनी मान हलवली नाही.

दूर कुठेतरी नळ ठिबकत होता. खिडकीला लावलेला कागद वाऱ्याने अगदी हलकेच फडफडत होता. भिंगरीलाही ती ओळखायला कानसेन व्हावं लागलं नाही. लहानपणची प्रत्येक सुट्टी तिने त्या खिडकीखाली बसून काढली होती.

६

पावलं आली नाहीत.

"येईल," मामा म्हणाले. "थांब जरा."

नळ ठिबकला. कागद फडफडला. आणि मग कडीचा आवाज झाला. स्वयंपाकघराच्या दाराची कडी घाईघाईने सरकवून कुणीतरी घट्ट लावून घेतली. आतून.

मामांनी भिंगरीकडे पाहिलं. ते हसत होते. "आली! आत आली बघ."

भिंगरी हसत नव्हती. मामांच्या कानांना जाड, खालचे आवाज अजून चांगले लागायचे. बारीक आवाज गेले होते, यंत्र लावूनही. तिला जे ऐकू येत होतं ते त्यांना येत नव्हतं. दाराला पाठ लावून कुणीतरी उभं होतं आणि श्वास दाबून धरत होतं. धरवत नव्हता, तरी धरत होतं.

मग दाराच्या बाहेरच्या अंगाने पावलं आली. जड. डावा पाय घासत.

"ही बघ, ही बघ!" मामा म्हणाले. मग त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं. ती आत आहे तर बाहेर कोण, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं.

पावलं दारापाशी थांबली. आतला श्वास स्पीकरच्या अगदी जवळ आला, माइकला ओठ टेकवावेत इतका, आणि भिंगरीला शब्द ऐकू आले. आवाज ओळखायला तिला वेळ लागला नाही. त्या नावाने तशी हाक जगात एकाच बाईने मारली होती.

"भिंगरे. पुसून टाक गं."

"काय झालं?" मामा म्हणाले. "बोलली का काही? मला लागलं नाही. काय म्हणाली?"

दारावर आवाज झाला. ठक्. कडी करकरायला लागली, वाकायला लागली. भिंगरीने झडप घालून फाइल थांबवली.

"थांबवलंस का?" मामा ओरडले. "काय म्हणाली ते सांग मला!"

तिच्या मनात आलं, खोटं बोलावं. काहीतरी गोड सांगावं. पण मामा तिच्या ओठांकडे बघत होते, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं फार कठीण असतं.

"पुसून टाक म्हणाली. मामी आत आहे, मामा. ती त्याच्यापासून लपलीय. आपण त्याला तिच्या दारापर्यंत आणून सोडलंय."

मामा उठले, गुडघ्यावर हात टेकत, आणि तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"पुन्हा वर येणार नाही असं पुसता येतं?"

"येतं. पूर्ण डिस्कवर शून्यं लिहायची. नुसतं पुसून भागणार नाही, घरंच पाडायची." तिने स्वयंपाकघराच्या फाइलीवर बोट ठेवलं. "मग तीही फाइल राहणार नाही."

"लिही," मामा म्हणाले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ती सुटू दे."

७

डिस्कवर लिहायचं कुलूप काढायला, आज्ञा द्यायला तिला फार वेळ लागला नाही. फक्त या वेळी तिने खिडकीचं नाव मोठ्याने वाचलं, तीनदा वाचलं, आणि मग कळ दाबली. पडद्यावर हिरवी पट्टी डावीकडून सरकायला लागली.

स्पीकर बंद होते. ऐकायच्या खोलीत खरी शांतता पसरली आणि त्या दोघांनाही पहिल्यांदाच कळलं की या खोलीची शांतता कशी आहे ते आपण कधी ऐकलेलंच नाही. मामांनी मान कलती केली. सवयीने.

"भिंगरे," ते हळूच म्हणाले. "काचेपलीकडे बघ."

बूथ रिकामा होता. माइक आपल्या दांडीवर लटकत होता. त्याच्या आवाजाची पातळी दाखवणारे टेबलावरचे हिरवे दिवे एकदम वर गेले आणि खाली आले. ठक्.

गालिचावर, सकाळी झाडून एका दिशेला झोपवलेल्या तंतूंमध्ये, दोन खोल खळगे पडले होते. काचेच्या अगदी लगत. टाचा मागे, चवडे या दोघांकडे. केवढाले होते! एकेक खळगा भिंगरीच्या दोन तळव्यांएवढा. डावीकडच्याच्या मागे घासत आल्याची लांबच लांब रेघ.

हिरवी पट्टी सरकत होती.

भिंगरीला ओरडायचं होतं, आणि त्याच वेळी, हे तिने पुढे मामांनाही सांगितलं नाही, तिला तिथून नजर काढवत नव्हती. तिने मामांचा हात पकडला. मामांनीही तिचा घट्ट धरला.

"जातंय का?" मामांनी विचारलं. त्यांचा आवाज उत्सुक होता, अजूनही.

खळगे भरायला लागले. दाबलेले तंतू एकेक करून वर उठत होते. आधी टाचांच्या बाजूचे. टाचांचे खळगे पूर्ण भरले आणि चवड्यांचे मात्र आणखी खोल गेले.

पाठ फिरवून जाणाऱ्याच्या टाचा आधी उठत नाहीत. काचेच्या अगदी वरच्या टोकातून आत बघायला कुणी चवड्यांवर उभं राहिलं की उठतात.

काचेची वरची चौकट छताला टेकलेली होती. भिंगरीने वर पाहिलं नाही. मामांनी पाहिलं की नाही हे तिने विचारलं नाही.

पट्टी शेवटाला पोचली. चवड्यांचे खळगे भरले, आणि गालिचा पुन्हा सकाळसारखा सपाट झाला.

८

सिनेमावाल्याला मामांनीच कळवलं की माल गेला, चूक माझी, पैसे परत घ्या. भिंगरीचं नाव त्यांनी येऊ दिलं नाही. बूथचं दार काही दिवस कुणी उघडलं नाही, मग एकदा झाडणाऱ्या बाईंनी उघडू का असं विचारता-विचारताच उघडलं, आणि आत काहीच नव्हतं.

धंदा बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण मामा पुन्हा उभे राहिले, आणि सगळ्यांपेक्षा जास्त उत्साहाने. मामा-भाची आता सोबत फिरतात. नवी दालनं, नवे जिने, नवी गोदामं. भिंगरीचे कान तयार होतायत आणि मामा येईल त्याला कौतुकाने सांगतात की पोरगी माझ्या वरताण निघणार.

फक्त एक पद्धत त्यांनी बदलली आहे. माइक लावला, सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं, तरी दोघांपैकी एक जण आत राहतो. कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून, टाचणीचाही आवाज न करता बसून राहतो. सिनेमावाल्यांना तो श्वास कधी ऐकू येत नाही.

खोली रिकामी आहे असं कुणाला वाटू नये, एवढंच.